खूप सुखात आहे, मिस

ग्लेनॉर्ड, ब्रूस काउंटी, ओन्टारिओ
१४ मार्च १९२०

प्रिय फ्लोरी,

ख्रिसमसनंतर तुला एक ओळही टाकली नाही, म्हणून आधी कान पकडते. थंडी फार होती आणि मला जरा बरं नव्हतं. आता ठीक आहे. मेपलचा रस सुरू झालाय. लॅकलन दिवसभर रानात कढईखाली लाकडं सारत बसतो आणि घरी येतो तेव्हा मिशीलासुद्धा पाक लागलेला असतो.

मुद्द्याचं आता लिहिते. तू चिडणार हे मला माहीत आहे, तेव्हा फाडायच्या आधी पत्र पुरतं वाच. आम्ही संस्थेकडे अर्ज केलाय. एक मुलगी मागितली आहे, दहा-अकरा वर्षांची. मे महिन्यात लिव्हरपूलहून जहाज येईल, त्यातून पाठवतो असं त्यांनी कळवलंय.

घर मोठं आहे. गाई, कोंबड्या, टर्की, सगळं मलाच बघावं लागतं, आणि लॅकलनची आई गेल्यापासून घरात दुसरं बाईमाणूस नाही. मदत होईल. मी तिला नीट वागवीन, हे तुला वेगळं सांगायला नको. आपण दोघी तशाच जहाजातून, गळ्यात संस्थेचा बिल्ला घालून या देशात उतरलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. निदान एका पोरीच्या वाट्याला तरी बरं घर येऊ दे, एवढंच मनात आहे.

शेजारची मिसेस टकेट काल म्हणाली, "संस्थेची अनाथ पोर घेतेस? मग फळीवरच्या बरण्यांना कुलूप घाल हो." मी चहाची किटली खाली ठेवली. मीही संस्थेचीच, हे तिला आठवलं असावं, कारण लगेच म्हणाली, "अगं, तुझं वेगळं. तू काय आता त्यातली राहिलीस का!" मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. दुसरं काय करणार?

लवकर लिही.

तुझी,
डॉर्कस


शेरबर्न स्ट्रीट, टोरोंटो
१९ मार्च १९२०

डॉर्कसबाई,

बाईच म्हणते. मालकीण झालात ना आता!

पत्र पुरतं वाचलं. वाचता वाचता पावाचं पीठ असं काही मळलं गेलं की आमच्या खाणावळीतल्या बोर्डरांना काल दगड चावावा लागला. ते पाप तुझ्या डोक्यावर.

मुलगी मागितली म्हणजे नेमकं काय मागितलंस गं? पोटची असते ती मुलगी. आणि भांडी घासायला ठेवतात तिलाही हे लोक मुलगीच म्हणतात. "आमच्याकडे एक मुलगी आहे, फार कामसू आहे." तुला यातली कुठली हवी? तुझ्या पत्रात आधी गाई आल्या, मग कोंबड्या, मग टर्की, आणि सगळ्यात शेवटी "नीट वागवीन". मी इथे स्वयंपाकीणच असले तरी कुठली गोष्ट आधी येते आणि कुठली नंतर, ते मला कळतं.

ग्रिम्सनबाईनं तुला मागताना वेगळं काय लिहिलं असेल? तिनंही "नीट वागवीन" असंच लिहिलं असणार. आणि मग तुला भर जानेवारीत उन्हाळी स्वयंपाकघराच्या माळ्यावर झोपवलं. घोड्याचा पट्टा खुंटीला कुणासाठी टांगलेला असायचा? घोड्यासाठी? तुझ्या पाठीवर अजून वळ असतील, लॅकलनला विचार.

मदतच हवी असेल तर पगार देऊन गावातली बाई ठेव. तिचं नाही पटलं तर ती डोक्यावर टोपी चढवेल आणि आपल्या घरी जाईल. त्या पोरीनं कुठं जायचं?

चिडले आहे. अर्ज मागं घे.

फ्लोरी


ग्लेनॉर्ड
२ एप्रिल १९२०

फ्लोरी,

तू म्हणतेस ते खरं आहे. गाई-कोंबड्यांच्या मागं मी लपले होते.

जानेवारीत मला बाळ झालं. मुलगी. ती रडलीच नाही. लॅकलननं स्वतःच्या हातानं खोकं केलं, पण जमीन इतकी गोठली होती की कुदळ लागेना. तेव्हा तिला चर्चमागच्या खोपटात ठेवावं लागलं, थंडीत गेलेल्या बाकीच्या माणसांबरोबर, जमीन सुटेपर्यंत. काल पुरलं. हे तिसरं. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नको.

तुला लिहायला बसायचे आणि लेखणी पुढं सरकायची नाही. "बरं नव्हतं" असं लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आता तू विचारतेस, कुठली मुलगी हवी. मला ठाऊक नाही, फ्लोरी. खरंच ठाऊक नाही. लॅकलन म्हणतो, आधी येऊ तर दे. अर्ज मागं घेणार नाही. हवी तेवढी चीड, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

डॉर्कस


टोरोंटो
६ एप्रिल १९२०

डॉर्क, माझी बाई,

जीभ जळो माझी. मी काय काय लिहिलं आणि तू ते कुठल्या दिवसांत वाचलंस! पण तुझाही राग येतो. मला कळवायचं होतंस. मी आले असते. बोर्डर उपाशी मेले असते तरी आले असते.

बाळाला नाव दिलं होतंस का? दिलं असलंस तर मला सांग, म्हणजे मलाही ते घेता येईल.

पोर येऊ दे. पण एक ध्यानात ठेव, माझा डोळा तुझ्यावर आहे.

फ्लोरी


ग्लेनॉर्ड
२० जून १९२०

प्रिय फ्लोरी,

आली. आयव्ही स्केरिट नाव. डेप्टफर्डची. अकरावं लागलंय, पण दिसते आठ वर्षांची. स्टेशनवर कोटाला आमच्या नावाची चिठ्ठी पिनेनं लावलेली. लॅकलननं ती चिठ्ठी काढली, खिशात घातली आणि पोरीला म्हणाला, "चल, घोडा वाट बघतोय." ती म्हणाली, "हो सर." दोन मैल जाईपर्यंत लॅकलन स्वतःशीच म्हणत होता, "सर! सर म्हणे!"

पोर कामाला अशी की मला लाज वाटते. मी उठते तर शेगडी पेटलेली, कोंबड्यांना दाणे घातलेले. चालते तर पायांचा आवाज नाही. काही विचारलं की "हो, मिसेस मॅकिव्हर." दूध आवडतं? हो, मिसेस मॅकिव्हर. दूध आवडत नाही का? हो, मिसेस मॅकिव्हर. मी म्हटलं, लॅकलन मला मिसेस मॅक म्हणून चिडवतो, तू तसं म्हण. तेव्हापासून "हो, मिसेस मॅक."

एकच गोष्ट जमत नाही. जेवताना ती बसत नाही. ताट घेऊन शेगडीशी माझ्या शेजारी येऊन उभी राहते आणि उभ्याउभ्या संपवते. मी लॅकलनला वाढत असते, स्वतः दोन घास खात असते, आणि तिला सांगत असते, अगं बस, खुर्ची आहे तुझ्यासाठी, इथे कुणी काही म्हणणार नाही. "हो, मिसेस मॅक," म्हणते आणि उभीच. मला वाईट वाटतं. कुणी हिच्या मनात इतकी भीती घातली असेल?

बाळाचं नाव ॲग्नेस होतं. तू विचारलंस म्हणून सांगितलं. लॅकलनशिवाय कुणाला माहीत नाही.

डॉर्कस


टोरोंटो
२८ जून १९२०

डॉर्क,

ॲग्नेस. चांगलं नाव आहे. रविवारी चर्चमध्ये मी ते मनात घेतलं.

आता तुझी खरडपट्टी. तुझंच पत्र परत वाच. "माझ्या शेजारी येऊन उभी राहते." तू कशाला उभी असतेस गं? बारा वर्षं झाली लग्नाला. टेबल तुझं, खुर्च्या तुझ्या, वाढायला माणूस एक, तोही हात लांब करून स्वतः घेईल असा. बिचारी पोर घरात आली, मालकीण उभी राहून जेवते हे तिनं पाहिलं. मग ती कुठल्या तोंडानं बसेल? कुणी भीती घातली म्हणे!

खूप हसले तुला. मग बशीतली बटाट्याची शेवटची फोड तोंडात टाकली आणि लक्षात आलं, की मीही ओट्याशी उभीच आहे. बोर्डरांची जेवणं उरकली होती, टेबल रिकामं होतं, सहा खुर्च्या होत्या. बावीस वर्षं, डॉर्क! मग बसले. आमचे एक बोर्डर, मिस्टर पेनीक्विक, जिन्यावरून आले आणि म्हणाले, "तब्येत बरी नाही का, मिस टॅपली?"

फ्लोरी


ग्लेनॉर्ड
३ ऑक्टोबर १९२०

प्रिय फ्लोरी,

उन्हाळ्यात पत्र लिहायला फुरसत मिळाली नाही. मी बसायला लागले हे मात्र तुला कळवायचं होतं. पहिल्या दिवशी लॅकलननं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, मग शहाण्यासारखं बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. आयव्ही पुढच्या आठवड्यात बसली, खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं अशी. मळणीच्या दिवशी एवढे गडी जेवायला आले, तेव्हा एकाची पँट खिळ्याला अडकून फाटली, आणि ती हसली. मला वाटलं, चाललंय बरं.

मग परवा संस्थेच्या तपासनीस बाई आल्या. मिस ऑर्मरॉड. करडा कोट, हातमोजे, पेन्सिल दोरीनं वहीला बांधलेली. आपल्या वेळच्या बाईंची धाकटी बहीण शोभेल अशी.

ग्रिम्सनबाई अशा वेळी दारात उभी राहायची, मला आठवतं. म्हणून मी मुद्दाम बाहेर गेले, दार लावून घेतलं. म्हटलं, पोरीला मोकळेपणी बोलू दे. पण शेजारच्या कोठीच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. बाईंनी विचारलं, "आयव्ही, तू इथे कशी आहेस?"

आणि ती म्हणाली, "खूप सुखात आहे, मिस. सगळे माझ्याशी चांगले वागतात, मिस. मी आभारी आहे, मिस."

फ्लोरी! तेच शब्द. त्याच क्रमानं, त्याच आवाजात, मधे श्वास न घेता. मी हेच म्हटलं होतं ग्रिम्सनकडे, पाठ सोललेली असताना. आपल्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी प्रत्येक पोरीला येतं. आणि केव्हा येतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

रात्रभर तेच. मी काय केलं असेल? आवाज चढवला असेल? लॅकलन कधी ओरडला असेल? तो तर घोड्यावरसुद्धा ओरडत नाही. पण काहीतरी आहे. मला जर दिसत नसेल, तर ग्रिम्सनबाईलाही दिसत नव्हतं. ती तर दर रविवारी प्रार्थनेत माझ्यासाठी देवाचे आभार मानायची.

म्हणून मी संस्थेला लिहिलं. पोर इथे सुखात नाही, तिला घेऊन जा आणि मुलंबाळं असलेल्या, हसत्याखेळत्या घरात ठेवा. माझ्या वेळी कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. लॅकलनला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, तिला विचारलंस का? मी म्हटलं, विचारून काय होणार? हो, मिसेस मॅक, एवढंच म्हणेल.

आयव्हीला अजून सांगितलेलं नाही.

डॉर्कस


टोरोंटो
६ ऑक्टोबर १९२०

डॉर्कस,

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोर म्हणजे काय जोडा आहे, चावला की दुकानात परत?

तू गप्प बसणारी होतीस. एकाच घरात राहिलीस, मार खाल्लास, पण परत पाठवणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. मी कधी बोलले नाही, कारण माझ्याबद्दल सगळ्यांना वाटतं की फ्लोरी काय, तोंडाची फटकळ, हिला कुठं काही लागतं. आता ऐक.

मी बारा वर्षांची असताना तपासनीस बाईंना खरं सांगितलं. मालक चांगला नाही, माझ्या खोलीच्या दाराला कडी नाही, एवढंच. बाईंनी ऐकलं. चांगल्या होत्या त्या, मला त्याच दिवशी हलवलं. पुढच्या घरी मी "परत आलेली पोर" म्हणून गेले. काय खोट आहे बघू, असं म्हणूनच मला आत घेतलं. तिथं जमलं नाही. मग तिसरं घर. मग चौथं. दर वेळी फलाटावर पेटीवर बसायचं आणि वाटायचं, माझ्यातच काहीतरी आहे, कुणालाच मी चालत नाही. पहिल्या घराचा माणूस वाईट होता. पण पुढच्या घरांत नुसतंच मी नको होते. डॉर्क, त्यातलं जास्त काय लागलं ते मी अजून ठरवू शकले नाही.

आणि दुसरं. समजा ती खरंच सुखात असेल. मग तिनं बोलायला काय हवं होतं? सुखी पोरीसाठी संस्थेनं वेगळे शब्द ठेवलेत का? तिला तेवढंच बोलता येतं, तेवढंच ती बोलली. तू ऐकलंस ते आयव्हीला नाही, ग्रिम्सनच्या माळ्यावरच्या डॉर्कस पिमला ऐकलंस.

मी शनिवारच्या गाडीनं येते. बोर्डरांना थंड मांस आणि लोणचं ठेवून येते, मरत नाहीत. पोरीला सांगू नकोस. आधी मला बघू दे.

फ्लोरी


टोरोंटो
१२ ऑक्टोबर १९२०

डॉर्क,

पोचले. लॅकलनला सांग, सफरचंदं गाडीत निम्मी वाटली, बाकीच्यांचा ॲपल-पाय भाजलाय.

हरले मी. मोठ्या तोऱ्यात आले होते. वाटलं होतं, माझ्यासारखी बडबडी बाई समोर बसली की पोर मोकळी होईल. कोंबड्यांच्या खुराड्यात तिला गाठून म्हटलं, "आयव्ही, प्रत्येक घरात काहीतरी वाईट असतं. या घरात काय वाईट आहे, मला सांग. मी कुणाला बोलणार नाही." तिनं अंडी मोजली आणि म्हणाली, "काही नाही, मिस टॅपली. खूप सुखात आहे." तुझी शपथ, तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. तू का घाबरलीस ते कळलं.

पण तरी माझं म्हणणं तेच. मी तिला रात्री बघितलं. तिनं तुझी चप्पल शेगडीजवळ ऊब लागेल अशी ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं. हे भीतीनं करतात की मायेनं, मला सांगता येत नाही. आपण दोघी या बाबतीत आंधळ्या आहोत, डॉर्क.

संस्थेचं उत्तर आलं असेल तर कळव. आणि एक कर. बाई दारात उभ्या राहीपर्यंत थांबू नकोस. तू लिहिलंस ते पोरीला तुझ्याच तोंडून कळू दे. मला नेहमी बाईंच्या तोंडून कळायचं.

फ्लोरी


ग्लेनॉर्ड
५ नोव्हेंबर १९२०

प्रिय फ्लोरी,

सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर तू पुन्हा गाडीत बसशील.

संस्थेचं उत्तर तू गेल्यावर आठवड्यानं आलं. मिस ऑर्मरॉड नोव्हेंबरच्या दोन तारखेला दुपारच्या गाडीनं येतील, पोरीला तयार ठेवा. मी लगेच लिहिलं, माझं चुकलं, येऊ नका. उत्तर आलं नाही. मग तू सांगितलंस तसं केलं. आयव्हीला टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, "आयव्ही, तू इथे सुखात नाहीस असं मला वाटलं, म्हणून मीच त्यांना लिहिलं. तुला न विचारता लिहिलं. आता बाई येतायत. तुला जायचं नसेल तर नुसतं सांग, मी भांडेन त्यांच्याशी."

ती म्हणाली, "हो, मिसेस मॅक." उठली, वर गेली आणि पेटी भरायला लागली.

मी खालीच बसून राहिले. म्हटलं, झालं. ती वाटच बघत होती.

पण त्या दिवसापासून घरात आवाज सुरू झाले. ही मांजराच्या पावलानं चालणारी पोर. झाकणं आपटायला लागली. दार लावलं तर खिडक्या हलायच्या. दुधाची बादली अशी ठेवायची की दूध उडायचं. मी लॅकलनला म्हटलं, बिचारी दुःखात आहे. तो म्हणाला, "दुःख नाही हे. मी आयुष्यभर घोडे पाळलेत. ती रागावली आहे." मी म्हटलं, आपल्यावर? तो म्हणाला, "तुझ्यावर. मी काही पत्र लिहिलं नव्हतं."

दोन तारखेला बाई आल्या. भरलेली पेटी जिन्याच्या पायथ्याशी, वर कोट आणि टोपी. मी नेहमीसारखी बाहेर जायला निघाले, तर आयव्ही म्हणाली, "त्यांना थांबू द्या, मिस. मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय."

फ्लोरी, मी परत आत वळले.

बाईंनी वही उघडली. "बोल. घाबरू नकोस."

"मी घाबरत नाही," आयव्ही म्हणाली. "यांच्या लापशीत गुठळ्या असतात. मी सांगितलं नाही कधी, पण असतात, आणि या म्हणतात, किती मऊ झाली आज! मला ऑक्टोबरपासून लोकरीची चड्डी घालायला लावतात, ती टोचते, आणि शाळेत आणखी कुणीच घालत नाही. रोज रात्री मान घासतात. रोज कशाला? मान काय रोज मळते? मिस्टर मॅकिव्हर गोठ्यात भजनं म्हणतात, ती सगळी चुकीच्या चालीत. मोठा टर्की मला चावतो आणि त्याला कुणी काही बोलत नाही, उलट म्हणतात, त्याचा स्वभावच आहे तो. या दूधघरात जाऊन रडतात आणि बाहेर येऊन सांगतात, कांदा चिरत होते. दूधघरात कांदा नसतो. मी काय लहान आहे? मला सांगितलं तर काय होतं?"

बाईंची पेन्सिल पळत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. बाईंना वाटलं असेल, ही बाई वेडीच आहे.

"आणि," आयव्ही म्हणाली, आणि इथे तिचा आवाज फाटला, "यांनी मला न विचारता तुम्हाला पत्र लिहिलं. ते सगळ्यात वाईट. टर्कीपेक्षा वाईट."

बाईंनी वही मिटली. "म्हणजे मिसेस मॅकिव्हर यांचं म्हणणं बरोबरच होतं. तू इथे सुखात नाहीस. चल, पेटी तयारच आहे. चारची गाडी मिळेल."

आयव्ही जागची हलली नाही. "गाडी कशाला?"

"अगं, आत्ता तूच म्हणालीस ना?"

"मी तक्रार केली. जाते म्हणून कुठं म्हटलं?"

तू इथे असायला हवी होतीस, फ्लोरी. बारा वर्षांची असताना तू जे केलंस तेच ही करत होती. मी ते कधीच केलं नव्हतं. आणि मला कळलं, की मी ग्रिम्सनकडे तक्रार केली नाही ती नुसत्या भीतीनं नाही. त्या घराचं काही सुधारावं असं मला वाटतच नव्हतं. त्या लापशीत गुठळ्या असोत नाहीतर दगड, मला काय त्याचं!

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिसेस मॅकिव्हर, उलट उत्तरं देणारी आहे ही. तुम्हाला त्रास देईल. आमच्याकडे एक फार शांत, कामसू मुलगी आहे. नाताळच्या आधी पाठवू शकते. बदलून देते."

बदलून. त्या बाई वाईट नाहीत गं. त्यांना खरंच वाटत होतं की त्या माझ्यावर उपकार करतायत.

आपण दोघी त्या फलाटावर उभ्या होतो, तेव्हा शेतकरी येत होते आणि म्हणत होते, "एखादी द्या, अंगानं धड असली की झालं." कुणाला कुठली मिळाली याचं कुणालाच काही नव्हतं. माझ्याऐवजी तू गेली असतीस तरी ग्रिम्सनबाईला पत्ता लागला नसता.

मी म्हटलं, "नको. हीच."

पण इतक्या हळू की बाईंना ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" मग मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. "हीच हवी."

आयव्हीनं दोन्ही वेळा ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. जिन्याच्या कठड्याकडे बघत होती, कान मात्र लाल झाले होते. बाईंनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, चहाला नको म्हणाल्या आणि लॅकलन त्यांना स्टेशनवर सोडायला घोडा जुंपायला लागला.

मी म्हटलं, "आयव्ही, पेटी जड आहे, थांब, लॅकलन येऊन वर नेईल."

"नको," ती म्हणाली. साधं "नको", फ्लोरी. पुढं मिसेस मॅक नाही, काही नाही. आणि पेटीची कडी धरून ती वर ओढायला लागली, एकेका पायरीवर धडाधड आपटत. अंगणातून लॅकलन ओरडला, "अगं, जिना मोडेल तो!"

मी म्हटलं, "मोडू दे."

तुझी,
डॉर्कस